पद्मिनबाई आणि बत्तीसची खोली

पद्मिनबाई औंढ्यात अठरा वर्षं राहिल्या आणि अठरा वर्षं त्यांनी औंढ्यातला रस्ता विचारला.

नागनाथाच्या देवळामागच्या गल्लीत त्यांचा टायपिंगचा क्लास होता. तिथून बसस्टँड गाठायला डोळे उघडायचीही गरज नाही. तरी बाई गल्लीच्या तोंडाशी थांबायच्या आणि फुलवाल्याला विचारायच्या, "स्टँडकडं इकडूनच ना?"

फुलवाला म्हणायचा, "बाई, काल बी हिकडूनच होतं."

"कालचं मी कालच विचारलं."

गावानं आधी त्यांना वेडं ठरवलं, मग गावाला सवय झाली. श्रावणात गर्दी वाढली की पोलीस बांबू लावून गल्ल्या बंद करत. मग सगळं गाव बांबूपर्यंत जाऊन माघारी येई. बाई तेवढ्या एकदाही माघारी आल्या नाहीत. हे कुणी ध्यानात घेतलं नाही. मी घेतलं, पण बोललो नाही.

मी स्वतः कुणाला रस्ता विचारत नाही. मेंढरं घेऊन पैनगंगेच्या पल्याड गेलो, तेलंगणाच्या हद्दीत गेलो, जिथली भाषा कळत नाही तिथंही गेलो, पण विचारलं नाही. चुकलो तेव्हा चुकलेल्या गावातच मुक्काम केला आणि इथंच यायचं होतं असं घरच्यांना सांगितलं. त्यामुळं बाईंचं आणि माझं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. न जमता बारा वर्षं चाललं.

मी शिरड शहापूरच्या शेळी-मेंढी सोसायटीचा चेअरमन होतो. माझी शाळा तिसरीपर्यंत. सही करतो, वाचतो, लिहायला वेळ लागतो. हे आता लिहितोय त्यालाही लागतोय. सोसायटीला कुठल्याशा योजनेत एक कॉम्प्युटर मिळाला होता. वर्षभर तो फुलाफुलाच्या कापडाखाली झाकलेला होता. आमचा कारकून नारायण रोज कापड झटकायचा, आणि कॉम्प्युटरची देखभाल चालू आहे असं दर बैठकीत प्रोसिडिंगला लिहायचा.

आमच्या कळपांच्या पिढ्या मला तोंडपाठ होत्या. कोणती मेंढी कुणाची, तिला कोणता मेंढा लागला, कोणतं कोकरू कोणत्या गावच्या पाण्यावर जन्मलं. एका साली मला टायफॉइड झाला. मी खाटेवर असताना भागाजी, म्हणजे आमचा व्हाइस चेअरमन, नारायणला घेऊन आला आणि म्हणाला, "आबा, तुमी बरे व्हालच. पण तवर तेवढं मेंढ्यांचं सांगून ठेवा."

मी बरा झालो आणि दुसऱ्याच दिवशी औंढ्याला बाईंकडं गेलो.

बाईंचे मालक एसटीत होते, मग नव्हते. त्याबद्दल त्या बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. क्लासात टायपिंगची बारा मशीनं होती आणि एक कॉम्प्युटर. नांदेडला शनिवार-रविवार जाऊन त्या तो शिकल्या होत्या. अंगावर करड्या काठाची सुती साडी, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, पाठ भिंतीसारखी सरळ. कॉम्प्युटरवर त्या टाइपरायटर बडवावा तसं बडवायच्या. वर्षाला एक कीबोर्ड जायचा. ओळ संपली की डावा हात आपोआप वर जायचा, मशीनची दांडी सरकवायला. दांडी नव्हती. हात हवेतच सरकून खाली यायचा आणि पुढची ओळ सुरू व्हायची. इतकी वर्षं पाहिलं, तो हात कधी चुकला नाही.

मी म्हणालो, "मेंढरांचं रजिस्टर पायजे. मशीनीत."

"किती मेंढरं?"

"सोसायटीची सगळी."

"आकडा विचारला."

"सकाळी मोजून निघालो तवा तीनशे चाळीस. आता एखादी व्याली असंल."

बाईंनी कागदावर लिहिलं, 'तीनशे चाळीस, सकाळी.' तेव्हाच मला कळलं की ही बाई त्रास देणार.

नोंदी घ्यायला त्या स्वतः मेंढरांच्या वाड्यावर आल्या. मेंढरं बसवायला आम्ही काठ्यांना जाळी बांधून रिंगण करतो, तिला वाघर म्हणतात. बाई वाघरीच्या आत मोडक्या खुर्चीवर बसल्या, मांडीवर वही. मी सांगायचो, त्या लिहायच्या. प्रत्येक जनावराला रंग, कानातला बिल्ला, आई, बाप, लस असे रकाने होते. शेवटी बाईंनी स्वतःच्या मनानं एक रकाना घातला होता, 'सांगणारा'.

"हिची आई कोणती?"

"चांदी."

"सांगणारा?"

"मी सांगून राहिलो ना."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मेंढीनं."

बाईंनी मान वर केली नाही. वहीत लिहिलं, 'सांगणारा: मेंढी.' पुढं तेच मशीनीत गेलं. मी काढा म्हणालो नाही, त्यांनी काढलं नाही.

चार महिन्यांत प्रोग्राम झाला. बिल्ल्याचा नंबर मारला की मेंढीच्या आजीपर्यंत सगळं दिसायचं. म्हातारे धनगर लांबून यायचे, आपल्या मेंढीचा नंबर मारायला लावायचे, आणि जे आपल्याला माहीत आहे तेच पडद्यावर बघून समाधानानं घरी जायचे.

आता त्या जागेचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं.

त्याच सुमाराला भागाजीच्या भाच्यानं गाणी भरायला जागा पाहिजे म्हणून नारायणनं टाइप केलेली सोसायटीची सगळी पत्रं पुसून टाकली होती. मी बाईंना विचारलं, "ह्या मशीनीत अशी कोणती जागा हाय का, जिथं कुणी हात लावत न्हाई?"

"आहे. मशीनची स्वतःची खोली असते. सिस्टीम म्हणतात. तिच्यात काही हललं तर मशीनच बंद पडतं, म्हणून लोक घाबरतात."

"रजिस्टर तिथं ठेवा."

"आबा, ते तिचं घर आहे. दुसऱ्याच्या घरात आपलं सामान ठेवत नाहीत."

"आमी ठेवतो. मेंढरं घेऊन निघालो की भांडी, चांदी, सगळं बिरोबाच्या देवळात. माझ्या आज्यापासून चाललंय. चोर बी शिवत न्हाई."

"बिरोबा घर बदलतो का?"

"न्हाई."

"हे बदलतात." मग त्यांनी मला समजावलं, आणि मी ऐकून घेतलं, कारण ऐकून घ्यायला काही लागत नाही. प्रत्येक प्रोग्रामाला सामान ठेवायला मशीन वेगळी जागा देतं, असं त्या म्हणाल्या. ती जागा कुठं आहे ते पाठ करायचं नसतं. प्रोग्रामानं दर वेळी मशीनला विचारायचं, आमची जागा कुठं? मशीन सांगतं. मशीन बदलो, गाव बदलो, विचारलं की सांगतं. "पत्ता हातानं लिहून ठेवला की तो तुमच्यापुरता खरा राहतो. मशीनच्या बाजूनं कधी खोटा होईल सांगता येत नाही."

मी म्हणालो, "सिस्टीममधी ठेवा."

दोन तास मी हटून बसलो. दोनदा चहा झाला. बाईंनी एका पोरीची टायपिंगची परीक्षा घेतली, तिला नापास केलं, परत येऊन बसल्या. मी तिथंच होतो. मग त्या मशीनकडं वळल्या, सिस्टीमच्या खोलीचा पत्ता हातानं लिहिला, आणि डावा हात हवेत सरकवला.

तीन-चार वर्षांनी पहिला कॉम्प्युटर जळाला आणि दुसरा आला. त्यात सिस्टीमच्या खोलीचं नाव 'सिस्टीम' नव्हतं, 'सिस्टीम बत्तीस' होतं. प्रोग्राम रजिस्टर शोधून दमला. बाई औंढ्याहून आल्या, एक ओळ बदलली, उठल्या. जाताना म्हणाल्या, "तुमचा बिरोबा हलला, आबा."

"आता हलायचा न्हाई."

"हे तुम्ही त्याला विचारलं का?"

त्यांनी परत एकदा नीट जागी हलवू का विचारलं. मी म्हणालो, एकदा बसवलेलं हलवत नाहीत.

त्यानंतर बरीच वर्षं काही झालं नाही. बाईंचे प्रोग्राम औंढ्यात दोन-तीन ठिकाणी लागले. एक यात्रेकरूंच्या लॉजवर, एक औषधाच्या दुकानात. बाई दुकानात शिरायच्या तेव्हा मालकालाच विचारायच्या, "हेच दुकान ना?" लोक हसायचे. प्रोग्राम मात्र चालायचे.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. जिल्ह्यातून पशुसंवर्धनचे साहेब येणार असं पत्र आलं. एक कळप पैदाशीसाठी निवडायचा होता. ज्याच्या नोंदी तीन पिढ्या मागं जातील त्याचे मेंढे जिल्हाभर जाणार. ज्याच्या जाणार नाहीत त्याला बाहेरचे मेंढे मिळणार आणि त्याचे स्वतःचे खच्ची करायचे. शिरडात अशी नोंद असणारे आम्ही एकटेच. मी नारायणला म्हणालो, साहेब गुरुवारी येतात, मशीन चकाचक पाहिजे. संचालकांनी हौसेनं नवंकोरं मशीन आणलं. जुनं दुकानदारानं बदल्यात नेलं.

नारायणची ओळख करून द्यायची राहिली. त्या वेळी तो पंचेचाळिशीचा. जाड भिंगांचा चष्मा, सुंदर अक्षर, सतरा वर्षं सोसायटीत. त्यानं कधी टाचणीसुद्धा घरी नेली नाही, आणि हे तो स्वतः कधी सांगायचा नाही. जुनं मशीन जायच्या आधी त्यानं रजिस्टरची फाईल पेन ड्राईव्हवर घेतली आणि नव्या मशीनीत सिस्टीम बत्तीसच्या खोलीत नेऊन ठेवली. मग बाईंचा प्रोग्राम घातला. सोमवारी दुपारी आम्हा सगळ्यांना बोलावून त्यानं तो उघडला.

पडद्यावर आलं, 'एकूण जनावरे: शून्य.'

नारायणनं बंद करून परत उघडलं. शून्य. त्यानं सिस्टीम बत्तीसची खोली उघडून दाखवली. फाईल तिथं होती, जड, जशी होती तशी. "हे बघा, हाय," तो म्हणाला. प्रोग्राम उघडला की शून्य. ती फाईल प्रोग्रामाशिवाय उघडत नव्हती. बाईंनी तिला कुलूप घातलं होतं, तेही माझ्याच सांगण्यावरून.

भागाजी म्हणाला, "पोकळ हाय ती. आतलं काढून घेतलं."

"कुणी?"

"पेन ड्राईव्ह कुणाच्या खिशात होता? पलीकडच्या तालुक्यात बी सोसायटी हाय, तिथं ह्याचे साडू हायत. त्यांच्याकडं नोंदी न्हाईत, आणि आता आपल्याकडं बी न्हाईत. हिशोब करा."

नारायणनं कपाटाची किल्ली आणि ऑफिसची किल्ली कमरेच्या करदोड्यातून सोडली आणि माझ्यापुढं ठेवली. गुरुवारपर्यंत रजिस्टर सापडलं नाही तर पोलिसांत द्यायचं, असं भागाजीनं लिहायला सांगितलं. लिहिणारा नारायणच होता. त्यानं लिहिलं, त्याच सुंदर अक्षरात.

मंगळवारी मी बाईंना फोन केला. बुधवारी सकाळी त्या काळ्यापिवळ्या जीपनं आल्या, स्टँडवर उतरून सोसायटीचं ऑफिस कुठं म्हणून विचारत आल्या. संचालक सगळे होते. नारायण दाराशी उभा होता, त्याला कुणी बस म्हणालं नव्हतं.

बाईंनी मशीनला हात लावला नाही. आधी त्याला म्हणाल्या, "नारायणराव, बसा. काय काय केलं, पहिल्यापासून सांगा."

त्यानं सांगितलं.

"परत सांगा."

परत सांगितलं.

"फाईल कुठं ठेवली?"

"बत्तीसमधी. जिथं पह्यले होती तिथंच."

"दाखवा."

त्यानं दाखवली. बाई म्हणाल्या, "बरोबर." मग प्रोग्राम उघडायला लावला. शून्य. बाई म्हणाल्या, "बरोबर."

भागाजी म्हणाला, "दोन्ही कसं काय बराबर, बाई? एक कुणीतरी खोटं बोलून राहिलंय."

"दोघंही खरं बोलतात. म्हणून तर वेळ लागतोय. खोट्याला इतका लागत नाही."

मग त्यांनी खुर्ची ओढली, प्रोग्रामात एक नवं जनावर घातलं. शेळी, रंग काळा, नाव परीक्षा. 'एकूण जनावरे: एक.' प्रोग्राम बंद केला आणि मशीनला सांगितलं, ह्या नावाची फाईल तुझ्या घरात जिथं जिथं असेल तिथून हुडकून आण. मशीन हुडकायला लागलं. बाईंनी चहा घेतला. संचालकांपैकी एक जण परसाकडं जाऊन आला. मग पडद्यावर दोन ओळी आल्या.

एकाच नावाच्या दोन फाईली. एक बत्तीसच्या खोलीत, जड, सोमवारची. दुसरी हलकी, आत्ताची, आणि ती ज्या खोलीत होती तिचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. लांबलचक नाव, शेवटी चौसष्ट.

"ही तुमची काळी शेळी," बाई म्हणाल्या.

मी म्हणालो, "ती तिकडं काहून गेली?"

बाईंनी पेन्सिल काढली आणि टेबलावरच्या जुन्या पत्राच्या मागं दोन घरं काढली. ही मशीनं आता चौसष्टची झाली, त्या म्हणाल्या, म्हणजे मोठ्या दमाची. आपला प्रोग्राम बत्तीसचा, जुना. दोघांना एका घरात राहता येत नाही, म्हणून मशीनीत दोन घरं. नव्यांचं वेगळं, जुन्यांचं वेगळं.

"मग बत्तीसवाल्या घरात जुने, अन् चौसष्टवाल्यात नवे," भागाजी म्हणाला.

"उलट. बत्तीसची पाटी असलेल्या घरात चौसष्टवाले राहतात. बत्तीसवाल्यांना चौसष्टच्या पाटीत ठेवलंय."

भागाजीनं कागद उलटा करून पाहिला.

"हे कोणत्या शहाण्यानं केलं?"

"शहाण्यांनीच केलं. जगभर माझ्यासारख्यांनी 'सिस्टीम बत्तीस' हा पत्ता हातानं लिहून ठेवला होता. पाटी बदलली असती तर चौसष्टसाठी नव्यानं बांधलेले त्यांचे सगळे प्रोग्राम रस्त्यावर आले असते. म्हणून पाटी तीच ठेवली आणि आतली माणसं बदलली."

हे मला चटकन समजलं. मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं आम्ही पोरक्या कोकराच्या अंगावर बांधतो. मेंढी वास घेते, वास ओळखीचा लागतो, ती पाजते. कातडं तेच, आतलं दुसरं. मी हे बोललो. बाई म्हणाल्या, "तसंच," आणि पुढं गेल्या. त्यांनी मला शाबासकी दिल्याची ही एवढी एकच वेळ.

"आपला जुना प्रोग्राम येतो आणि बत्तीसचं दार विचारतो. दारावरचा माणूस त्याला ओळखतो, हा जुना. त्याला हाताला धरून दुसऱ्या घरात नेऊन सोडतो."

"त्याला सांगत न्हाई?"

"नाही. त्याला तकलीफ होऊ नये म्हणून. त्याला वाटतं आपण बत्तीसमध्येच आहोत. तिथं रजिस्टर दिसलं नाही म्हणून त्यानं नवं कोरं उघडलं. शून्य जनावरं. नारायणराव ज्या खिडकीतून फाईल बघतात ती मशीनची स्वतःची, नवी. तिला खऱ्या घरात जाऊ देतात. तिथं त्यांनी फाईल ठेवली, तिथंच ती आहे. त्यांनी काहीही चुकवलं नाही."

त्यांनी काळ्या शेळीची फाईल बाजूला केली, जड फाईल उचलून चौसष्टच्या पाटीच्या घरात नेली, प्रोग्राम उघडला.

'एकूण जनावरे: चारशे बारा.'

नारायणनं चष्मा काढून पुसला आणि परत घातला. चारशे बाराच होती.

भागाजी तसा सरळ माणूस, पण बैठकीतून रिकाम्या हातानं त्याला उठता येत नाही. तो म्हणाला, "मग चूक कुणाची? दोन दिवस झाले, सगळ्या गावात नाचक्की. कुणाची तरी असंल ना."

बाई म्हणाल्या, "माझी. पत्ता मी हातानं लिहिला."

"तुमी तर स्टँडचा बी रस्ता इचारता."

"हो. हा नाही विचारला."

त्या माझ्याकडं बघतील असं मला वाटलं. त्यांनी पाहिलं नाही. मी चेअरमनच्या खुर्चीत होतो, खुर्ची त्यांच्यापासून तीन हातांवर. मला बोलता आलं असतं. तोंडात सुपारी होती, असं मी नंतर घरी सांगितलं. घरच्यांनी विचारलं, सुपारी किती वेळ टिकते.

नारायणनं किल्ल्या उचलल्या आणि करदोड्याला बांधल्या. बाई तिथंच बसून दुपारपर्यंत काम करत राहिल्या. रजिस्टर दोन्ही घरांतून बाहेर काढलं, मशीन ज्याला त्याला देतं त्या जागेत नेलं, आणि प्रोग्रामाला शिकवलं की उघडलास की आधी विचार. ह्या वेळी मला विचारलं नाही.

गुरुवारी साहेब आले. रजिस्टर पाहिलं, तीन पिढ्या पाहिल्या. बाईंना मी थांबवून घेतलं होतं. साहेब एका नोंदीवर अडले. "सांगणारा, मेंढी? हे काय आहे?"

बाई म्हणाल्या, "तिच्या आईची नोंद आहे, साहेब. तिच्याशिवाय कुणाला खात्री असणार?"

साहेबांनी थोडा विचार केला आणि पुढची नोंद पाहिली. आमचा कळप निवडला गेला. आमचे मेंढे शाबूत राहिले.

पण सोसायटीच्या पुढच्याच बैठकीत ठराव झाला की आता मशीनचं काम हिंगोलीच्या माणसाला द्यायचं. मी विरोध केला नाही. औंढ्यात बातमी पोचली ती अशी, टायपिंगवाल्या बाईंच्या प्रोग्रामानं शिरडची मेंढरं गायब केली. लॉजवाल्यानं त्यांचा प्रोग्राम काढला. औषधवाल्यानंही काढला. टायपिंगला पोरं तशीही कमी झाली होती. मी औंढ्याला बाजाराला जायचो, देवळामागच्या गल्लीकडं वळायचो नाही. त्या गल्लीत बाराऐवजी चार मशीनं वाजतात असं फुलवाल्यानं सांगितलं. मग दोन.

हे वर्षभर चाललं. वार्षिक सभा आली. चहा-पोह्यांच्या आधी मी नारायणला म्हणालो, प्रोसिडिंगचं पुस्तक काढ आणि मी सांगतो ते लिही. मी सांगितलं, 'मेंढरांचं रजिस्टर सिस्टीमच्या खोलीत ठेवायचा निर्णय चेअरमनच्या हट्टानं झाला. बाईंनी नको म्हणून सांगितलं होतं. बाईंची चूक नाही.'

भागाजी म्हणाला, "आबा, झालं गेलं. आता कशाला उकरून काढून राहिले?"

"लिही," मी नारायणला म्हणालो.

त्यानं लिहिलं. मी सही केली. नारायणनं ते सभेत मोठ्यानं वाचलं. सगळे माझ्याकडं बघत होते, आणि मला वाटलं होतं त्याहून कमी वाईट वाटलं. पुस्तक ऑफिसच्या बाहेर न्यायचं नसतं. मी काखेत घातलं आणि जीपमध्ये बसलो.

देवळामागच्या गल्लीत टेम्पो उभा होता. बाई क्लास बंद करून जालन्याला लेकीकडं निघाल्या होत्या. हे मला माहीत नव्हतं. टायपिंगची मशीनं पोत्यात बांधून हमाल आत चढवत होते. बाई दारात उभ्या राहून मोजत होत्या.

मी पुस्तक उघडून पुढं धरलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. परत एकदा वाचलं. मग पर्समधून शाईचा पेन काढला.

मी म्हणालो, "बाई, प्रोसिडिंग हाय. खोडायचं न्हाई त्याच्यात."

"खोडत नाही. वाढवते."

पुस्तक त्यांनी टेम्पोच्या फाळक्यावर ठेवलं आणि माझ्या सहीखाली लिहिलं, 'चेअरमननी हट्ट केला हे खरं आहे. पटलेलं नसताना लिहिलं मी, तेही खरं आहे.' खाली सही, पूर्ण नावाची.

"ह्याची काय गरज होती?" मी म्हणालो. "मी माझ्यावर घेतलं होतं ना."

"तुमचं तुम्ही घ्या, आबा. पण माझ्याकडून कुणी काही करून घेतलं, असं कागदावर राहायला नको. त्या खोलीत मी माझ्या हातानं लिहिलंय." मग हमालाकडं वळून म्हणाल्या, "ते उभं ठेवा, आडवं नाही."

शेवटचं पोतं चढलं, दोर आवळला. बाई ड्रायव्हरशेजारी बसल्या, पाठ तशीच भिंतीसारखी. टेम्पो गल्लीतून मागं मागं निघाला, कारण वळायला जागा नव्हती, त्यामुळं जाईपर्यंत त्यांचं तोंड माझ्याकडंच होतं. त्यांनी हात केला नाही. मलाही करता आला नाही. दोन्ही हातांत पुस्तक होतं, आणि शाई ओली होती म्हणून मी ते उघडंच धरून उभा होतो.